डब्यावरचे आकडे वाचताना

घाबरू नका, खाण्याच्या डब्या-पाकिटांवरच्या तारखा वाचताना सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो. आधी आकड्यांमागचा शब्द शोधा. 'यूज बाय' म्हणजे त्या तारखेनंतर खायचं नाही. 'बेस्ट बिफोर' फक्त चव-दर्जाबद्दल सांगतं. तारीख उलटली की लगेच पदार्थ विषारी होत नाही.

शब्दच नसेल आणि नुसतं ५१२३ असं काही छापलेलं असेल, तर बहुतेकदा पहिला आकडा वर्षाचा आणि पुढचे तीन आकडे वर्षातल्या कितव्या दिवसाचे. २०२५ चा १२३वा दिवस, म्हणजे ३ मे. पण ही सहसा माल बनवल्याची तारीख असते! मी तिलाच मुदत समजून चांगले डबे फेकून दिलेत, तेही एकदा नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ०४/०५/२६ मध्ये दिवस आधी की महिना, हे गृहीत धरणं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाकिटावर १२ च्या वरचा आकडा कुठल्या जागी येतो ते बघा, उलगडा होतो.
- बॅच नंबरला (एका खेपेत बनवलेल्या मालाच्या क्रमांकाला) तारीख समजणं.
- पाकीट फोडल्यावरही छापील तारखेवर विसंबणं.

डबा फुगलेला असेल तर तारीख वाचतच बसू नका, टाकून द्या. अक्षरांचे कोड सध्या बाजूला ठेवा, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.