फौजेतून घरी आलेल्या माणसाने आता नुसता आरामच करायचा का?

"मालक पेन्शनवर आलेत. इतकी वर्षं काढली, आता आराम करावा असं आम्हाला वाटतं. पण घरात बसले की चिडतात, नाहीतर पितात. त्यांना कशात तरी गुंतवावं का?" सातारा-कोरेगाव भागात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी म्हातारी आई. अशाच एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ नायक पदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांची चाळिशीही उलटली नव्हती. शेवटची वर्षं काश्मीरमध्ये गेलेली. गावाने मिरवणूक काढली, फेटा बांधला, सत्कार केला आणि महिन्याभरात जो तो आपल्या कामाला लागला. इकडे रात्री कुत्रं भुंकलं की हे बॅटरी घेऊन घराभोवती फेरी मारत. पहाटे पाचला दहावीतल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण ओढत. कॅन्टीनची रम आधी फक्त शनिवारी होती, ती रोजची झाली. बायकोने इतकी वर्षं शेत, सासू-सासरे, बँक सगळं एकटीने रेटलेलं. आता साखरेचा डबा कुठे ठेवायचा यावरही हुकूम सुटू लागला. "सुट्टीवर यायचे तेव्हा किती गोड वागायचे," असं म्हणून ती रडली.

पहिल्या भेटीत ते दाराकडे तोंड करून, खुर्चीच्या कडेवर बसले. दोघांनाही मी आधी एवढंच समजावलं, की हे वेड नाही. ज्या सावधपणाने वर्षानुवर्षं जीव राखला, तो अंगातून एका दिवसात जात नाही. मग हळूहळू त्यांच्या 'बडी'चा विषय निघाला. फौजेत दोघादोघांची जोडी असते, एकाने दुसऱ्याची पाठ राखायची. यांचा बडी चकमकीत गेला तेव्हा हे गावी होते. "मी सुट्टीवर होतो," हे वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

झोप आणि दारू या दोन्हींसाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून तसं रेफरल मिळतं. यावर मी अडून बसते, कारण 'माणूस कामाला लागला की आपोआप बरा होतो' असं म्हणत लोक उपचार टाळतात आणि दुखणं वाढतं.

कामाने मात्र त्यांना जे दिलं, ते माझ्या खोलीत मिळालं नसतं. गावातली भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर १६०० मीटर पळायची, शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी यांना गळ घातली. सुरुवातीला नुसता आरडाओरडा चालायचा. पुढे यांनी पोरांच्या जोड्या लावल्या: मैदानावर आल्यावर गणती, आणि जोडीदार आला नसेल तर का, ते दुसऱ्याने सांगायचं. एका सकाळी एक कमी भरला. जोडीदारालाही काही ठाऊक नव्हतं. त्या पोराचं भरतीचं वय उलटलं होतं आणि दोन दिवस तो खोलीबाहेर आला नव्हता. हे सरळ त्याच्या घरी गेले. उपदेश केला नाही, शेजारी बसले आणि म्हणाले, "मलाही रात्र रात्र झोप येत नाही. गोळ्या चालू आहेत." दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः माझ्याकडे घेऊन आले. पोरगा बाहेर गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, या वेळी मी जागेवर होतो."

आपल्याकडे फौजी गावं नवी नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांची आठवण तिथल्या स्तंभावर कोरलेली आहे. गेलेल्यांना आपण विसरत नाही, जिवंत परत आलेल्याला मात्र एका सत्कारात मोकळं करतो. त्याच्याकडे काही मागत नाही, याचंच त्याला सगळ्यात जास्त लागतं. गावासाठी झटणारा फौजी म्हटलं की लोकांना राळेगणसिद्धी आठवतं. फौजेत ड्रायव्हर असलेले अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले आणि पाण्यापासून दारूबंदीपर्यंत काम उभं राहिलं. पण दारुड्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारण्याचा तिथला त्या काळचा प्रकार मला मान्य नाही. आमचे नायकही एकदा तशीच भाषा बोलू लागले, तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कुणी बांधलं असतं, तर तुमची दारू सुटली असती का?" ते गप्प बसले आणि पुढे तो विषय त्यांनी काढला नाही.

वर्षभराने वेगळीच तक्रार घेऊन बायको आली. "आधी सीमेवर होते, आता ड्युटी गावातच लागली. घरात कुठे असतात?" तिचं बरोबर होतं. गावाची सेवा ही घरापासून लांबची आणखी एक पोस्टिंग होता कामा नये. मग त्यांनी संध्याकाळी सातनंतर फोन बंद ठेवायचं ठरवलं, आणि घरखर्चाचा निर्णय तिचाच राहील हेही कबूल केलं. दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा जड गेली.

तेव्हा गुंतवावं का, याला माझं उत्तर हो असं आहे. पण काम त्यांच्या हातचं असावं, आणि ते त्यांनी स्वतः पत्करलेलं असावं. झोप पार उडाली असेल, पिणं वाढत असेल, मरणाची भाषा येत असेल, तर आधी डॉक्टर. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी याचा स्वतंत्र कक्षही २०२३ मध्ये सुरू झाला. ते स्वतः फोन करायला तयार नसतील, तर तुम्ही करा.