जास्वंद गारठली की बुडाली?

प्रश्न: सॅन होजेला आमच्या पॅटिओवर कुंडीत लाल जास्वंद आहे. गणपतीत रोज तीन-चार फुलं मिळायची. डिसेंबरपासून पानं पिवळी पडून गळताहेत, कळ्या झडताहेत. रोज पाणी घालते, खतही दिलं. शेजारीण म्हणते, तिची जास्वंद हिवाळाभर बाहेरच असते, पानं झडली तरी मार्चनंतर फुटते. वाळक्या फांद्या छाटू का? माघी गणपतीला फूल मिळेल?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर: आधी हातातली झारी खाली ठेवा. लेकीकडे तुमच्याच भागात मी दोन हिवाळे काढले. पहिल्या हिवाळ्यात तिची जास्वंद मीच मारली, पाणी घालघालून. आपल्याकडे जास्वंद पावसात भिजते ती उबेत. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस नोव्हेंबर ते मार्च, नेमका थंडीत. गार मातीत मुळं फारसं पाणी ओढत नाहीत, भिजत राहून कुजतात. वर झाड मलूल दिसतं, आपल्याला वाटतं तहानलंय, की आणखी एक तांब्या! बोट दोन पेरं खुपसून बघा, तिथवर कोरडं लागलं तरच पाणी. ताटली काढून टाका.

10 अंश सेल्सिअसखाली जास्वंदीची वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा खतही बंद. कुंडी छपराखाली, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लावा. दिवसा तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. पारा शून्याकडे झुकणार असेल त्या रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत पांघरा, सकाळी काढा. प्लास्टिक नको, ते टेकलेली पानं करपतात. जावयांनी ऊब म्हणून नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळली होती. एलईडीची! दिसत होती छान.

कात्री मार्चपर्यंत कपाटात. आत्ता छाटलीत आणि चार दिवस ऊन पडलं, तर कोवळी फूट येते आणि पुढच्या हिमाच्या रात्री जळते. फांदीची शंका असेल तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे.

शेजारणीचं झाड बहुधा ‘रोज ऑफ शॅरन’ असेल. ती जास्वंदीचीच बहीण, पण थंड मुलखातली. तिची पानं दर हिवाळ्यात झडतातच, तिच्याशी तुलना नको.

माघी गणपतीला मात्र हिच्याकडे फूल मागू नका. दूर्वाही तिथे त्या दिवसांत वाळलेल्या असतात. आम्ही अंगणातला लाल कॅमेलिया वाहिला होता.