नळी निघाल्यानंतरचा जवान

नागपूर

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

छातीला गोळी किंवा छर्रा लागलेला जवान तुझ्याकडे येईल तेव्हा छातीतली हवा-रक्त काढायला घातलेली नळी कधीच निघालेली असेल, एक्स-रेत फुफ्फुस छान फुललेलं दिसेल. त्यावर विसंबू नकोस. तो रात्री कोणत्या कुशीवर झोपतो, ते आधी विचार. बनियन घासलं तरी आग होते म्हणाला, तर बरगड्यांमधली नस दुखावलेली असू शकते. तिथे पॅरासिटामॉल फारसं चालत नाही. पेन क्लिनिकला लवकर पाठव. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ साचतो आणि फुफ्फुसाचा तळ पुन्हा बसतो. खोकताना जखमेवर उशी घट्ट धरायला शिकव. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणात, बरेच जण फुंकर मारतात. चेंडू उचलायचे ते श्वास आत ओढून, आणि दोन-तीन सेकंद वर धरायचे. त्या बाजूचा खांदाही बघ, हात जपून जपून तो आखडतो.

सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला 30 मीटर सपाट व्हरांडा हवा, आधी 10 मिनिटं खुर्चीत विश्रांती. आपल्याकडच्या मे महिन्यात ती दुपारी घेतलीस तर फुफ्फुस नाही, ऊन मोजशील. सकाळी घे, आणि पुढच्या वेळीही सकाळीच.

प्रश्नावल्यांत एक गोची आहे. एसएफ-36 या एकूण आरोग्याच्या प्रश्नावलीत 100 म्हणजे उत्तम, सेंट जॉर्जच्या श्वसन प्रश्नावलीत 100 म्हणजे सगळ्यात वाईट. एकाच तक्त्यात भरताना भलेभले चुकतात. शिवाय एसएफ-36 मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते; ते आठवडे वॉर्डात गेले असतील तर कामाबद्दलच्या उत्तरांना काय अर्थ?

आणि ‘ठीक हूँ साहब’ हे उत्तर लिहून मोकळा होऊ नकोस. शेप श्रेणी, म्हणजे लष्करातली वैद्यकीय तंदुरुस्तीची श्रेणी, खाली आली तर पोस्टिंग, बढती, सगळंच अडतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कामठीच्या छावणीतला असो की सीमेवरून आलेला, वरिष्ठ खोलीत असताना प्रश्न विचारूच नकोस. बायकोला वेगळं विचार. झोपेत ओरडतो का, हे तीच सांगेल. पीसीएल-5 या आघातानंतरच्या मानसिक त्रासाच्या प्रश्नावलीत 80 पैकी 31 ते 33 च्या वर गुण आले म्हणजे निदान झालं असं नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायची वेळ झाली एवढंच.

दिवाळीच्या आठवड्यात फेरतपासणी ठेवू नकोस; फटाक्यांच्या धुराने-आवाजाने आकडे बिघडतात. पण फोन मात्र त्याच आठवड्यात कर.

तुझा,
सर