आर्किटेक्चरच्या स्पर्धा: कोणत्या कराव्यात, किती कराव्यात

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे पर्यावरणपूरक इमारतींचंच काम करायचं हे मनाशी पक्कं आहे. वर्गातली मुलं सतत कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन स्पर्धेत उतरत असतात. मीही मैत्रिणींबरोबर काही स्पर्धा केल्या, एकदाही नाव लागलं नाही. दर वेळी फी भरायची, नाइट मारायच्या आणि स्टुडिओचं काम मागं पडायचं, असं चाललंय. बाबा म्हणतात हा जुगार आहे, सोडून दे. आमचे सर म्हणतात, पोर्टफोलिओत एखादा पुरस्कार नसेल तर चांगल्या ऑफिसात कोणी विचारत नाही. कोणाचं ऐकू? आणि शाश्वत डिझाइनच्या कोणत्या स्पर्धांना खरंच अर्थ असतो?

उत्तर: आधी बाबांचं बघू. जुगार हा शब्द जरा कडक आहे, पण गणित त्यांनी बरोबर मांडलंय. २०१४ साली हेलसिंकीत गुगेनहाइम संग्रहालयासाठी खुली स्पर्धा झाली, तिला १,७१५ एन्ट्री आल्या. दुसऱ्या फेरीत गेल्या सहा. २०१५मध्ये मोरो कुसुनोकी या पॅरिसच्या ऑफिसची निवड झाली आणि २०१६मध्ये तिथल्या नगर परिषदेनं प्रकल्पच नामंजूर केला. जिंकलेल्यांच्याही हाती इमारत आली नाही. बक्षीस हाच हिशोब धरला, तर बाबांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग तुला लगेच माया लिन आठवेल. १९८१ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकासाठी १,४२१ एन्ट्री होत्या आणि निवडली गेली ती येल विद्यापीठात पदवीला असलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीची. ही गोष्ट स्पर्धांच्या जाहिरातींना फार सोयीची आहे, म्हणून मी ती जपून सांगतो. तिच्यातून घेण्यासारखं एवढंच, की शीटवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदांवर, नावं नव्हती, फक्त नंबर होते. नावं दिसत असती तर ज्युरीनं नामांकित ऑफिसांना बाजूला सारून एका विद्यार्थिनीला उचललं असतं, असं मला वाटत नाही. स्पर्धा निनावी आहे का, हा तू विचारायचा पहिला प्रश्न.

तुझ्या पत्रात तीन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. स्पर्धेत कागदावरचा विचार तपासला जातो, इमारत अजून व्हायची असते किंवा कधीच होणार नसते. पुरस्कार बहुधा उभ्या इमारतीला मिळतो. आणि लीड, ब्रीम किंवा पॅसिव्हहाउस ही पर्यावरणपूरक इमारतींची प्रमाणपत्रं आहेत. तिथं कोणाशी चढाओढ नसते, ठरलेले निकष पुरे केले की शिक्का मिळतो. शाश्वत डिझाइन शिकायचं असेल तर या तिघांत तुझ्या वयाला सगळ्यात जास्त देतो तो दुसरा प्रकार, म्हणजे ज्याच्या वाटेला तू आज जाऊही शकत नाहीस तो. पुरस्कार मिळवायला नव्हे, वाचायला.

वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार घे. १९७७ साली सुरू झालेला, दर तीन वर्षांनी दिला जाणारा. त्याची पद्धत मला फार आवडते. निवडलेल्या प्रकल्पांवर जाणकार माणसं प्रत्यक्ष पाठवली जातात, ती इमारत बघतात, वापरणाऱ्यांशी बोलतात आणि मग ज्युरीसमोर बसून प्रश्नांना उत्तरं देतात. फोटोवर काम भागत नाही. २००४ साली यातला एक पुरस्कार बुर्किना फासोमधल्या गांडो गावच्या प्राथमिक शाळेला मिळाला. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे. शाळा २००१मध्ये पुरी झाली तेव्हा केरे बर्लिनमध्ये अजून शिकतच होते. पैसे त्यांनी स्वतः संस्था काढून उभे केले होते आणि बांधलं गावकऱ्यांनी.

या शाळेचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत काय दिसेल ते ड्रॉइंग, शोध आणि तासभर त्याच्यासमोर बस. भिंती थोडं सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांच्या. वर विटांचंच छत, त्यातून गरम हवा निघून जाईल अशा फटी. त्याच्याही वर, बरंच अंतर सोडून, पत्र्याचं दुसरं छप्पर. ऊन पत्रा झेलतो, मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा वर खेचली जाते. पंखा नाही, एसी नाही. बरं, तो पत्रा तोलायला जड तुळया आणल्या असत्या तर क्रेन लागली असती. म्हणून साध्या सळ्यांचा हलका सांगाडा केला, जो गावातल्या माणसांना हातकरवत आणि छोटं वेल्डिंग मशीन शिकवून जागेवरच बनवता आला. हवामान, साहित्य, मजुरी, अवजारं ही चारही उत्तरं एका रेघेत सापडतात. तुझ्या शीटवर ‘सस्टेनेबल स्ट्रॅटेजी’ म्हणून वेगळा कोपरा असतो ना, बाण आणि पानांचे आयकॉन असलेला? गांडोच्या सेक्शनला तसा कोपरा लागत नाही. केरेंना २०२२ साली प्रित्झकर हा वास्तुरचनेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला, पण ते खूप पुढचं.

बांगलादेशातल्या रुद्रपूरची माती आणि बांबूची मेटी शाळाही अशीच. आना हेरिंगर यांचा तो पदवीचा प्रकल्प. नंतर आइके रोसवाग यांच्याबरोबर त्यांनी तो बांधला आणि २००७ साली त्याला आगा खान पुरस्कार मिळाला. म्हणजे थीसिस हीसुद्धा एक प्रवेशिका असते, फक्त तिची डेडलाइन लांब असते.

आता उलट टोकाचं उदाहरण, कारण शाश्वत म्हणजे माती-बांबू असा एक गैरसमज स्टुडिओत हमखास असतो. २०१९चं स्टर्लिंग प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुरचनेचा मोठा पुरस्कार, इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातल्या गोल्डस्मिथ स्ट्रीटला मिळालं. शंभराच्या आसपास घरं, नगरपालिकेनं भाड्यानं देण्यासाठी बांधलेली, पॅसिव्हहाउस दर्जाची. या दर्जात घर गरम ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ किलोवॉट-तास इतकीच उष्णता चालते, आणि फटींतून हवा किती शिरते तेही मशीन लावून मोजतात. इथं आर्किटेक्टची करामत कुठं दिसते? छपराचा उतार असा धरलाय, की समोरच्या रांगेतल्या घरांचं हिवाळ्यातलं ऊन अडू नये. त्यामुळे रस्ते अरुंद ठेवता आले आणि कमी जागेत जास्त घरं बसली. पत्रपेटीची फटही दारात ठेवली नाही, बाहेर पोर्चमध्ये नेली, कारण दारातल्या फटीतून गार वारा आत येतो. पत्रपेटीची जागासुद्धा ऊर्जेच्या हिशोबात येते, हे कळलं की रेंडरमधल्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या चित्रातल्या, झाडांचं कौतुक आपोआप कमी होतं.

झाडांवरून आठवलं. विद्यार्थ्यांच्या शीटवर हल्ली प्रत्येक गच्चीवर आणि प्रत्येक बाल्कनीत जंगल असतं. मीटरभर खोल ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला दीड टनाच्या वर जातं. तो भार स्लॅबवर धरला आहे का? त्यासाठी लागलेलं जादा काँक्रीट आणि स्टील किती? पाणी कोण घालणार? हे प्रश्न ज्या ज्युरीला पडत नाहीत, तिच्याकडून मिळालेल्या मेन्शनचा, म्हणजे बक्षिसाखालच्या उल्लेखाचा, मुलाखतीत फारसा उपयोग होत नाही, कारण तिथं समोर बसलेल्या माणसाला ते पडतात.

कधी कधी सगळ्यात चांगलं डिझाइन म्हणजे न पाडणं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्रां पार्क वस्तीत १९६०च्या दशकातल्या ५३० घरांच्या इमारती होत्या. लाकातों आणि वासाल या आर्किटेक्टांनी, फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ उतां यांच्यासह, त्या तशाच ठेवल्या आणि बाहेरून प्रत्येक घराला खोलीएवढी काचबंद बाग जोडली. काम चालू असताना माणसं आपापल्या घरांतच राहत होती. २०१९ साली याला युरोपियन युनियनचा वास्तुरचनेचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार मिळाला. जुन्या काँक्रीटमध्ये सिमेंट भाजताना, स्टील वितळवताना झालेला कार्बनचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. इमारत पाडली की तो वाया जातो आणि नवीन बांधायला पुन्हा तेवढाच करावा लागतो. एखाद्या स्पर्धेचा ब्रीफ, म्हणजे काय डिझाइन करायचं ते सांगणारा मजकूर, धडधाकट इमारत पाडून तिथं ‘ग्रीन’ टॉवर मागत असेल, तर आयोजकांना शाश्वततेचं कितपत कळतं ते तिथंच कळलं.

पुरस्काराला सगळंच दिसतं असंही समजू नकोस. २०१७ साली स्टर्लिंग मिळालेला इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा समुद्रधक्का चालवणारी संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. डिझाइन चांगलंच होतं. पण एखादी वास्तू रोज चालवायला पैसे कुठून येणार, याचं उत्तर ड्रॉइंगमध्ये मिळत नाही. दीर्घकाळ टिकण्याचा विचार करणाऱ्यानं निदान तो प्रश्न तरी विचारायला हवा.

स्पर्धा निवडायची कशी, तर नियमांचं पान नीट वाचायचं. पोस्टर नाही, नियम. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोनं १९५६ सालीच नियमावली स्वीकारली आणि १९७८मध्ये ती सुधारली. निनावी प्रवेशिका, ज्युरीत व्यावसायिकांचं बहुमत, डिझाइनचा हक्क करणाऱ्याकडेच, ही तिची मुख्य सूत्रं. विद्यार्थ्यांच्या स्पर्धा त्या चौकटीत बसतीलच असं नाही, पण मोजायला ती पट्टी चांगली आहे. ज्युरीची नावं आधी जाहीर झाली आहेत का? हवामान, साहित्य, ऊर्जा यातलं कळणारं त्यात कोणी आहे का? जागा खरी आहे का, तिचा नकाशा आणि हवामानाची माहिती दिली आहे का? हरलेल्यांच्याही कामाचे हक्क आयोजक स्वतःकडे घेतात का? तसं असेल तर पुढं वाचूच नकोस. आणि निकालानंतर ज्युरीचा अहवाल छापतात का, की नुसती चित्रं टाकतात? माझ्या लेखी हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. ज्युरीनं कोणाला का नाकारलं हे ज्या स्पर्धेत वाचायला मिळतं, ती हरूनही फी वसूल होते. दर महिन्याला नवा विषय, नवी फी आणि भाराभर ‘मेन्शन’ वाटणाऱ्या स्पर्धांचा धंदा फीवर चालतो. त्यात वाईट काही नाही, पण गिऱ्हाईक तू आहेस हे लक्षात ठेव.

तुझ्या कलाप्रमाणे काही नावं सांगतो. सोलर डेकॅथलॉन २००२ साली अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं सुरू केली. विद्यार्थ्यांच्या टीमनं सौरऊर्जेवर चालणारं घर खरोखर बांधायचं आणि दहा कसोट्यांवर ते मोजलं जायचं: आतलं तापमान ठरलेल्या पट्ट्यात राहतं का, पुरेसं गरम पाणी मिळतं का. शेजारच्या टीमना घरी जेवायला बोलवण्याचेही गुण असायचे, आणि ते मला अगदी रास्त वाटतं. पुढे इतर देशांतही तिच्या आवृत्त्या निघाल्या. होल्सिम फाउंडेशनच्या पुरस्कारांत न बांधलेल्या प्रकल्पांसाठी तरुणांचा वेगळा गट असायचा. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेच्या पर्यावरण समितीचे ‘टॉप टेन’ पुरस्कार १९९७पासून आहेत, त्यांची विद्यार्थ्यांसाठी वेगळी आवृत्तीही निघाली. तिथं भाग घेता येवो न येवो, निकष मात्र काढून वाच: पाणी, ऊर्जा, साहित्य, आरोग्य, बदलाला सामावून घेण्याची ताकद. तुझ्या चालू स्टुडिओ प्रोजेक्टला तेच प्रश्न लाव. पात्रतेच्या अटी आणि तारखा बदलत असतात, त्या मूळ ठिकाणीच तपास.

सरांचं म्हणणं मी अर्धंच मानतो. पुरस्कारामुळे पोर्टफोलिओ उघडला जातो, हे खरं. पण पान उलटल्यावर विचारतात ते वेगळंच: यातलं तू काय केलंस? ही खिडकी एवढीच का? पश्चिमेला काच ठेवून ‘भरपूर डे-लाइट’ लिहिलंय, मग दुपारी आत काय होतं? या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारं एक पान चार मेन्शनपेक्षा जास्त काम करतं. असं पान तयार करायला स्पर्धाच लागते असं नाही. एखादी वापरातली इमारत निवड, परवानगी घे, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आतलं-बाहेरचं तापमान नोंदव, वापरणाऱ्यांशी बोल, मग तिचं संगणकावर सिम्युलेशन करून दोन्ही आकडे शेजारी ठेव. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत हे शोधताना जे शिकशील, ते शाश्वत डिझाइनचं काम करणाऱ्या कुठल्याही ऑफिसला हवं असतं.

तेव्हा वर्षाला एक स्पर्धा, फार तर दोन, तीही सुट्टीत. फीची मर्यादा बाबांसमोर आधीच ठरव, म्हणजे दर वेळी तोच वाद होणार नाही. आधीच्या वर्षीचे ज्युरी अहवाल वाचल्याशिवाय नाव नोंदवू नकोस. स्टुडिओच्या सबमिशनच्या महिन्यात एकही नाही, मैत्रिणी कितीही मागं लागल्या तरी.

आणि टीममध्ये उतरणार असशील तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या: नावांचा क्रम काय, कोणाचं काम कोणतं, आणि पोर्टफोलिओत प्रत्येकीनं ते कसं मांडायचं. निकाल लागल्यावर हे बोलणं फार अवघड जातं.