पंखा गेलाय की कार्ड?

प्रश्न : दादा, आमचं घर आष्टी तालुक्यात शेतातच आहे, वस्तीपर्यंत लाईट आलेली नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी सोलर बसवलं. 5 केव्हीएचा ऑफ-ग्रीड इन्व्हर्टर, 540 वॅटचे 8 पॅनल एकाच सिरीजमधे, आणि 12 व्होल्टच्या 4 ट्युब्युलर बॅटऱ्या. महिनाभर इन्व्हर्टर दुपारचा घरघर करायचा, आता टीं टीं वाजतो, स्क्रीनवर 01 येतं आणि घरगुती चक्की लावली की बंदच पडतो. बसवून देणाऱ्याने फोनवरच सांगितलं की कार्ड (आतली सर्किटची पाटी) गेलंय, 14 हजार लागतील. जाळीतून बघितलं तर एक पंखा फिरतो, दुसरा नुसता थरथरतो. सध्या समोर टेबल फॅन लावून भागवतोय. मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, त्याला जमेल का हे? आणि कॉम्प्युटरचा पंखा चालेल का?

उत्तर : ताई, आधी ते 14 हजार देऊ नका. न बघता फोनवर कार्ड गेलं म्हणणं मला पटतच नाही. या धाटणीच्या बऱ्याच इन्व्हर्टरमधे 01 म्हणजे फॅन लॉक, म्हणजे पंखा अडकलाय, आणि 02 म्हणजे जास्त गरम झालंय, तरी तुमच्या मॅन्युअलमधला कोडचा तक्ता एकदा बघा कारण मेकप्रमाणे फरक पडतो. पंखा थरथरतोय म्हणजे त्याला करंट मिळतोय, बेअरिंग जाम झालंय असं दिसतं. आणि तीन वर्षं शेतातली धूळ खाल्लेल्या पंख्याचं हेच होतं.

मुलाला जमेल, पण घाईत नाही आणि एकट्याने नाही, तुम्ही जवळ थांबा. काम संध्याकाळी दिवस मावळल्यावर करा. पॅनलवर ऊन आहे तोवर ते व्होल्टेज देतच राहतात आणि तुमचे 8 पॅनल सिरीजमधे, एकेकाचे पन्नासच्या आसपास धरले तरी 400 व्होल्ट डीसी होतात. डीसीचा आर्क (तारा सुटताना उडणारी ठिणगी) एसीसारखा आपोआप विझत नाही, म्हणून चालू लोडवर पॅनलचं कनेक्टर कधीच ओढू नये. आधी घरातला लोड बंद, मग इन्व्हर्टरचं बटण, मग पॅनलचा आयसोलेटर (पॅनलची लाईन तोडायचा स्विच), जनरेटर जोडला असेल तर तोही, आणि सगळ्यात शेवटी बॅटरीचा ब्रेकर. त्यानंतर निदान 10 मिनिटं थांबा. सगळं काढलं तरी आतले मोठे कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) भरलेले असतात, मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर लावून व्होल्टेज जवळपास शून्यावर आलंय बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हातातल्या अंगठ्या बांगड्या काढून ठेवा, बॅटरीच्या टर्मिनलवर धातू आडवा पडला तर भाजून निघतं. गॅरंटी शिल्लक असेल तर मात्र झाकण उघडू नका, सील तुटलं की कंपनीवाले हात वर करतात.

उघडल्यावर आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली पिन कुठं, पंख्याची स्टिकरची बाजू कुणीकडे. मग एक सोपी चाचणी करा, दोन्ही पंख्यांच्या पिना आपसात बदला, झाकण लावून चालू करून बघा. तोच पंखा अडकत असेल तर पंखा गेलाय. पण खराबी दुसऱ्या पंख्यावर सरकली तर पंख्याची पिन लागते तो कार्डवरचा पॉइंट गेलाय, आणि मग कार्ड रिपेअर करणाऱ्याकडे न्या, तेव्हाही आख्खं कार्ड बदलायची वेळ येईलच असं नाही. पुन्हा उघडताना वरचं सगळं पहिल्यापासून, बंद करणं, थांबणं, मीटर.

आता कॉम्प्युटरचा पंखा. मापाला बसतो, 80 बाय 80 चा सहज मिळतो, म्हणून लोक लावतात आणि मग उन्हाळ्यात फोन करतात की परत बंद पडतोय. तो शांत चालावा म्हणून बनवलेला असतो, हवा कमी ओढतो. इन्व्हर्टर 3 किलोवॅट चालवत असेल तर साधारण अडीचशे वॅट आतच उष्णता होते, म्हणजे शंभर वॅटचे अडीच जुने पिवळे बल्ब त्या डब्यात पेटवल्यासारखं. कपॅसिटरचं आयुष्य तर दर 10 डिग्री वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणून मी पंख्याबाबत इतका हट्टी आहे. जुन्या पंख्याचं स्टिकर घेऊन दुकानात जा आणि व्होल्ट (12 आहे की 24), अँपिअर, जाडी (25 मिमी की 38) आणि वायरी किती ते जुळवा. अँपिअर फार कमी असेल तर हवा पुरणार नाही, फार जास्त असेल तर कार्डवरचा पॉइंट जळू शकतो. तीन वायरींचा असेल तर तिसरी वायर पंखा फिरतोय की नाही हे कार्डला कळवते, तिथं दोन वायरींचा लावलात तर पंखा मस्त फिरेल आणि 01 तसाच राहील. बॉल बेअरिंगचाच मागा. शे-पाचशेत काम होतं.

बसवताना हवेची दिशा जुन्यासारखीच ठेवा, बहुतेक पंख्यात स्टिकरच्या बाजूने हवा बाहेर पडते, काहींवर बाणही असतो. उघडलंच आहे तर हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा. जोडताना उलटा क्रम, आधी बॅटरी मग पॅनल. चालू केल्यावर पंखा लगेच फिरला नाही तर घाबरू नका, बऱ्याच इन्व्हर्टरमधे तो गरम झाल्यावरच सुरू होतो, दहा मिनिटं इस्त्री लावून बघा.

टेबल फॅन आठवडाभर चालेल पण तोवर चक्की नको, फक्त दिवे आणि मोबाईल. आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या बरोब्बर वर टांगलेला असेल तर बाजूला सरकवा, ॲसिडची वाफ पंखा खाते. बाजूंना वीतभर, वरखाली हातभर मोकळी जागा सोडा. 01 गेला की कळवा, आणि पिना बदलल्यावर खराबी दुसऱ्या पंख्यावर सरकली तर कार्डचा फोटो पाठवा, पुढचं बघू.