रिकार्डो क्वारेस्माच्या गुणांचं चीज झालं का?

तुमचा प्रश्न असा की स्पोर्टिंग लिस्बन या पोर्तुगालच्या क्लबात असताना अनेकांना रोनाल्डोपेक्षा फुटबॉलपटू क्वारेस्मा जास्त गुणी वाटायचा, मग पुढे त्याचं काय झालं, त्याच्या गुणांचं चीज झालं का? माझ्या मते झालं, पण अर्धंच, आणि त्यातला महत्त्वाचा भाग वयाची बत्तीस वर्षं उलटल्यावर. जे अर्धं राहिलं त्याचं खापर लोक त्याच्या आळशीपणावर फोडतात. मला ते पुरतं पटत नाही.

आधी रोनाल्डोची फूटपट्टी बाजूला ठेवू. दोघं एकाच अकादमीत घडले, 2002-03 च्या मोसमात एकाच संघाकडून खेळले आणि 2003 च्या उन्हाळ्यात एक मँचेस्टर युनायटेडला गेला, दुसरा बार्सिलोनाला. तेव्हा क्वारेस्माच्या गाठीला 2001-02 चं लीग विजेतेपद होतं, रोनाल्डोच्या नव्हतं. तुलना होणारच. पण त्या फूटपट्टीनं मोजायला घेतलं तर गेल्या वीस वर्षांतले बहुतेक सगळे विंगर (मैदानाच्या बगलेवरून हल्ला करणारे खेळाडू) नापास होतात, एकटा क्वारेस्माच कशाला!

खरी गोम त्याच्या ट्रिवेलात आहे. उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू असा मारायचा की तो हवेत वळत जाऊन लांबच्या खांबाच्या कोपऱ्यात शिरेल. हा फटका अनेकांना येतो, पण क्वारेस्माइतक्या सहज मारणारा मी दुसरा पाहिलेला नाही. मात्र तो यायचा कुठून? डावा पाय जेमतेम असण्यातून. उजव्या बगलेवरून आत वळल्यावर इतर विंगर डाव्या पायानं मारतात, हा उजव्याच पायाच्या बाहेरच्या कडेनं मारायचा. डाव्या बगलेवर गोलरेषेजवळ पोचला की क्रॉससुद्धा तसाच. ज्या पोराला दहाव्या वर्षीच ही पळवाट सापडली असेल तो डाव्या पायाची घोटाई कशाला करील? आणि हा फटका लागला तर लोक खुर्चीवरून उठतात, हुकला तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याला मिळतो. चार वेळा हुकून पाचव्यांदा लागणं प्रेक्षकाला परवडतं. ज्याला ते चार प्रतिहल्ले निस्तरायचे असतात त्या कोचला नाही.

मोठ्या क्लबांत तो का टिकला नाही, हे इथं कळतं. बार्सिलोनात रायकार्डच्या हाताखाली एका मोसमात लीगमध्ये फक्त एक गोल. हा कोच असेपर्यंत मी इथं खेळणार नाही असं सांगून बसला, आणि बार्सिलोनानं पोर्टोकडून डेकोला घेतलं त्या सौद्यात पोर्टोला गेला. (डेको पुढं 2006 ला बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. सौदा कुणाला फळला ते सांगायला नको.) 2008 ला प्रशिक्षक मोरिन्होनं त्याला इंटर मिलानला नेलं, किंमत 1 कोटी 80 लाख युरोंच्या वर. काही महिन्यांतच इटालियन रेडिओच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातला सर्वांत फसलेला खेळाडू ठरवलं. चेल्सीला उसना गेला, तिथंही काही नाही. हट्ट, रुसवे, कोचशी भांडणं हे सगळं होतंच, मी त्याची वकिली करत नाही. पण स्वभाव गरीब गाईचा असता तरी त्या संघांत त्याचा खेळ बसला असता असं मला वाटत नाही.

बार्सिलोना आणि इंटर या दोन अपयशांच्या मधली पोर्टोची चार वर्षं मात्र लोक सोयीनं विसरतात. 2006, 2007, 2008 अशी सलग तीन विजेतेपदं, आणि त्या संघाचा बराचसा हल्ला त्याच्यावर उभा होता. पुढं तुर्कस्तानात बेसिक्तासबरोबर 2016 आणि 2017 ची लीग. याला वाया गेलेली कारकीर्द म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता युरो 2016, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. हा भाग मी कितीही वेळा सांगू शकतो. क्रोएशियाविरुद्धचा सामना इतका रटाळ की जागं राहणं मुश्किल. क्वारेस्मा बदली म्हणून आलेला. 117 व्या मिनिटाला रोनाल्डोचा फटका गोलकीपरनं अडवला, चेंडू उडाला आणि यानं रिकाम्या गोलात डोक्यानं ढकलला. ट्रिवेला नाही, काही नाही, फक्त योग्य जागी हजर! पुढच्या फेरीत पोलंडविरुद्ध शूटआउटमधली पाचवी, निर्णायक पेनल्टी त्याचीच. आणि फायनलला 25 व्या मिनिटाला रोनाल्डो रडत स्ट्रेचरवरून बाहेर गेला तेव्हा त्याच्या जागी आत कोण आलं? स्पोर्टिंगमधला तोच जुना जोडीदार. पोर्तुगालला चषक मिळवून देणारा गोल एडरनं केला, पण उरलेला सगळा वेळ क्वारेस्मा पळत होता, मागं येऊन बचावही करत होता. हे तो पंचविशीत करता तर मोरिन्होनं त्याला बाकावर बसवलं नसतं.

पोर्तुगालसाठी 80 सामने, 10 गोल. वर्ल्ड कपच्या संघात मात्र तो पहिल्यांदा आला 2018 ला, वयाच्या 34 व्या वर्षी. 2006, 2010, 2014 तिन्ही वेळा वगळलेला. 2010 ला त्याला न घेणारे प्रशिक्षक होते कार्लोस क्विरोझ. 2018 ला सारान्स्कमध्ये इराणविरुद्ध हाफटाइमच्या तोंडावर क्वारेस्मा उजवीकडून आत आला, एकदोन पास झाले आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला. इराणचे प्रशिक्षक? क्विरोझच.