करार संपत आला, मन मात्र ठरेना

प्रश्न : परदेशातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत सहा वर्षं गणित शिकवते आहे. आई-वडील थकले आहेत, परत जायचं हे मनाने घेतलंय. तरी कराराच्या नूतनीकरणाचा फॉर्म तसाच पडून आहे. एक दिवस सुटल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी हातचं सोडून चालल्यासारखं. याचा अर्थ निर्णय चुकतोय असा घ्यायचा का?

उत्तर : नाही. मन स्वच्छ झाल्यावर सही करू म्हणून थांबलात, तर फॉर्मची तारीख तेवढी निघून जाईल. ऑगस्ट-सप्टेंबरला वर्ष सुरू करणाऱ्या बऱ्याच आंतरराष्ट्रीय शाळा पुढच्या वर्षाचं डिसेंबरच्या आसपासच विचारून घेतात. चलबिचल एप्रिलमध्येही असेल. फक्त तेव्हा कळवलंत तर शाळा अडचणीत येईल आणि तुमच्या शिफारसपत्राचा सूर बदलेल.

काय सुटणार याची यादी करा, पण मोघम नको. ‘विद्यार्थी’ नव्हे, ‘अकरावीची तुकडी, जिच्या बारावीला मी नसेन’. ‘मान’ नव्हे, ‘विषयाची चाचणी कशी घ्यायची हे मी ठरवते’. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा : हे मी राहिले तरी संपणार आहे का? ती तुकडी बाहेर पडणारच आहे. सहकाऱ्यांचे करारही बहुधा दोन-दोन वर्षांचे, त्यामुळे आजची स्टाफरूम तुम्ही थांबलात तरी तशी राहणार नाही. उरलेल्या ओळी थोड्या असतात आणि खरा त्रास त्यांचाच असतो. त्यातली एक बहुतेकांची सारखीच : मायदेशी आपली ज्येष्ठता धरतील का? हा भावनेचा प्रश्न नाही, तो विचारून सोडवता येतो. राजीनाम्याआधीच मायदेशातल्या दोन-तीन शाळांना लिहा : बाहेरची किती वर्षं वेतनश्रेणीत धरता, त्यासाठी कोणता दाखला लागतो? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘बघू’ याला काही किंमत नाही.

परतल्यावर मन पुन्हा खाली जातं, हेही धरून चाला. परदेशी रुळण्याचा ‘यू’ आकाराचा आलेख (आधी उत्साह, मग खचणं, मग सावरणं) नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न यांनी परतीनंतरचा दुसरा खड्डा त्याला जोडला आणि ‘यू’चा ‘डब्ल्यू’ झाला. पुढच्या अभ्यासांत तो सगळ्यांना लागू पडला नाही, म्हणून तारीख लावून वाट बघू नका. पण पहिल्या सत्रात उदास वाटलं तर लगेच ‘आपलं चुकलं’ म्हणून पुन्हा परदेशी जाण्याचे अर्ज भरू नका. आणि नव्या स्टाफरूममध्ये ‘आमच्या तिकडे’ने वाक्य सुरू करणं टाळा, आठवडाभरात लोक कंटाळतात.

प्रश्न : कोरियात एका खासगी भाषा-संस्थेत शिकवतो. वर्षाच्या कराराचा अकरावा महिना चालू आहे, मन उडालंय. निघून जाऊ का?

उत्तर : महिना काढा. तिथल्या कायद्यानुसार एक वर्ष सलग पूर्ण झाल्यावरच किमान ३० दिवसांच्या सरासरी पगाराइतकी सेवा-समाप्तीची रक्कम मिळते. त्याआधी निघालात तर शून्य. परतीचं तिकीटही बहुधा करार पूर्ण करण्यावरच ठरलेलं असतं, ते कलम वाचा. निवृत्तिवेतनाची वर्गणी परत मिळणं तुमच्या नागरिकत्वावर अवलंबून आहे.

इतर देशांतल्या वाचकांसाठी : जपानमध्ये किमान सहा महिने निवृत्तिवेतनाची वर्गणी भरलेल्या परदेशी व्यक्तीला एकरकमी परतावा मागता येतो, पण देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत. संयुक्त अरब अमिरातीत ग्रॅच्युइटी एक वर्ष भरल्यावर लागू होते : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचं मूळ वेतन, पुढे ३० दिवसांचं. ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. घरभाडं वगैरे भत्ते त्यात येत नाहीत.

प्रश्न : निघण्यापूर्वी कोणते कागद हातात हवेत?

उत्तर : अनुभवाचा दाखला सर्वांत आधी, आणि तो ‘अत्यंत मेहनती शिक्षिका’ छापाचा नको. रुजू झाल्याची आणि सेवा संपल्याची तारीख, विषय, इयत्ता, आठवड्याचे तास, पूर्णवेळ की अर्धवेळ, सही करणाऱ्याचं नाव, पद, शिक्का. तास नसले की नवी शाळा अर्धवेळ धरू शकते. दोन मूळ प्रती घ्या.

पोलिसांचा चारित्र्य-दाखला तिथे असतानाच काढा, कारण बोटांचे ठसे लागले तर बाहेरून तेच काम महिन्यांवर जातं. शिक्षक-नोंदणी चालू असल्याचं पत्र मात्र फार आधी मागू नका, ते काही महिनेच ग्राह्य धरतात. अपोस्टिल, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसारचं प्रमाणीकरण, कागद ज्या देशाने दिला त्याच देशात होतं. घरी आल्यावर ते करून मिळत नाही. कागद देणारा आणि तो जिथे वापरायचा त्या दोन देशांपैकी एखादा त्या करारात नसेल तर परराष्ट्र खातं आणि वकिलात अशी दोन दारं, वेळ जास्त.

मुख्याध्यापकांचा खासगी ईमेल मागून ठेवा, तेही शाळा बदलतात. बँक खातं आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक शेवटचा हिशेब येईपर्यंत चालू ठेवा. सिम बंद केलं की ओटीपी येत नाही आणि पैसे अडकतात. शाळेचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होऊ शकतो, पगाराच्या पावत्या आधीच उतरवून घ्या. विद्यार्थ्यांची माहिती सोबत नेऊ नका.

प्रश्न : शाळा सोडत असल्याचं वर्गातल्या मुलांना कधी सांगू? शेवटच्या दिवशी सांगितलं तर त्रास कमी होईल असं वाटतं.

उत्तर : तुमचा कमी होईल, त्यांचा नाही. शाळेने पालकांना कळवलं की त्याच आठवड्यात सांगा, आणि तासाच्या सुरुवातीला, घंटा व्हायला पाच मिनिटं असताना नव्हे. कारण एका वाक्यात. ‘मी संपर्कात राहीन’ हे वचन देऊ नका. बहुतेक शाळांच्या नियमांत ते बसतही नाही. पुढच्या शिक्षकासाठी प्रत्येक वर्गाचं एक पान लिहा : धडा कुठे थांबला, कोणाला परीक्षेत जादा वेळ मंजूर आहे, कोणती चाचणी बाकी. स्वभावावर शेरे नकोत. तुमच्या जागी कोण येणार हे ठरलं असेल तर नाव सांगून टाका. मुलं आधी तेच विचारतात.